पाण्याची आई, व्यापाराची आई

आजच्या गप्पांत आपण थायलंडच्या जुन्या बाजारांची सहल करू या. बँकॉक शहरातून रोज सकाळी पर्यटकांच्या गाड्या निघतात. सोबत माहिती सांगणारा वाटाड्या असतो. रुळांवरचा बाजार आणि पाण्यावरचा बाजार एका दिवसात दाखवून तो लोकांना परत आणतो. पर्यटक फोटो काढतात, नारळपाणी पितात. आपण बचत गटातल्या बायका मात्र तागडीकडे बघू. ती कोणाच्या हातात आहे आणि तिथे कशी आली?

थाई भाषेत ‘माए’ म्हणजे आई. नदीला ‘माए-नाम’ म्हणतात, म्हणजे पाण्याची आई. बाजारात विकणाऱ्या बाईला म्हणतात ‘माए-खा’, व्यापाराची आई. हे नाव उगाच पडलेले नाही. मा हुआन नावाचा चिनी दुभाषी पंधराव्या शतकात तिकडे गेला होता. या देशात लहानमोठा सगळा व्यवहार बायकांच्या निर्णयाने चालतो, असे त्याने लिहून ठेवले. पुढे १६८७ साली फ्रान्सचा वकील ला लुबेर आला. त्याने कारणही सांगितले. पुरुषांना वर्षातले सहा महिने राजाकडे वेठीला जावे लागे आणि तेवढे दिवस बायकाच त्यांना पोसत. नांगर बाई धरायची, बाजारातली खरेदी-विक्रीही तीच करायची.

म्हणजे तागडी बाईच्या हातात आली ती गरजेपोटी. हक्काचे काय? बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला तिला विकता येऊ नये, अशी तरतूद व्हायला १८६० चे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत माल विकणारी बाई स्वतःच विकली जाऊ शकत होती. बाजारात मान होता, कायद्यात नव्हता. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

बायकोच्या विक्रीला आळा घालणाऱ्या त्याच मोंगकुट राजाच्या काळात, १८६६ ते १८६८ मध्ये, एक कालवा खणला गेला. लांबी सुमारे ३२ किलोमीटर. ता चिन आणि मेक्लाँग या दोन नद्या त्याने जोडल्या. नाव दम्नोएन सदुआक, म्हणजे सोयीची वाट. मुख्य कालव्याला पुढे अनेक फाटे फुटले. लोकांनी चर खणले, त्यातला गाळ वाफ्यांवर चढवला आणि नारळ, पेरू, आंबा, पपनस लावले. घराची पायरी पाण्यात आणि दाराशी होडी. रस्ता नव्हताच. भल्या पहाटे बाई पानांची रुंद टोपी घालायची, होडीत फळे-भाजी भरायची आणि वल्हवत निघायची. चार होड्या एकत्र आल्या की झाला बाजार. एखादीच्या होडीत चूलही असायची, त्यावर शेवयांचा गरम रस्सा उकळायचा.

जवळच थाखा गावचा बाजार आहे. तो भरायचा तिथीवर. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांतली बीज, सप्तमी आणि द्वादशी. कारण कालव्यातले पाणी समुद्राच्या भरतीबरोबर चढते. आपल्या कोकणातल्या कोळणींना हे सांगायला नको.

आता रुळांवरचा बाजार. १९०५ साली मेक्लाँग गावापर्यंत रेल्वे आली, किनाऱ्यावरची मासळी आणि बागांचा माल बँकॉककडे नेण्यासाठी. रुळांना खेटून दुकाने लागली. गाडीची शिट्टी झाली की माए-खा छपराचे कापड मागे ओढतात आणि टोपल्या सरकवतात. ठेंगण्या टोपल्या तर जागच्या हलतही नाहीत, डबे त्यांच्या वरून निघून जातात. गाडी गेली की छपरे पुन्हा पुढे. म्हणून याला छत्री मिटण्याचा बाजार म्हणतात. इथली प्लाथू मासळी प्रसिद्ध. आपल्या बांगड्याच्याच कुळातली. गोल टोपलीत बसावी म्हणून तिची मान वाकवून ठेवतात.

मग रस्ते झाले. माल होडीतून टेम्पोत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्यावरचे बाजार एकेक करून ओस पडले. त्यांचे पुढे काय झाले, हे आपल्या कामाचे आहे.

दम्नोएन सदुआकचा बाजार १९७० च्या दशकापासून पर्यटकांवर जगला. बाजार वाचला, पण गिऱ्हाईक बदलले तसा मालही बदलला. आज तिथे फळांइतकीच हत्तीच्या चित्रांचे कपडे आणि आठवणवस्तू विकणारी दुकाने दिसतात. भाजीच्या होडीपेक्षा पर्यटक फिरवणाऱ्या होडीचा थाट मोठा.

अम्फावा गावाने दुसरी वाट धरली. मोडलेला बाजार २००४ साली पुन्हा भरवला, तोही शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर. जुनी लाकडी घरे दुरुस्त केली. २००८ साली युनेस्कोने या वस्तीच्या जतनाची दखल घेतली. गर्दी वाढल्यावर तिथेही कुरबुरी झाल्याच. पण या गावांत आजही गावातले लोक बाजारहाट करतात. मेक्लाँगच्या रुळांवरही घरची मासळी-भाजी घ्यायला शेजारीपाजारी येतात. पाहुणे आले तर बरकत, नाही आले तरी चूल पेटते.

आम्हाला यातून एवढे उमगले, की तागडी हातात असणे ही पहिली पायरी आहे. होडी कोणाच्या नावावर, जागा कोणाची, माल कोणी पिकवला आणि संध्याकाळचा गल्ला कोण मोजतो, हे त्यापुढचे प्रश्न. आपणही आठवडी बाजारात बसतो, पापड-लोणची घेऊन प्रदर्शनाला जातो. पुढच्या मासिक बैठकीत हे चार प्रश्न प्रत्येकीने आपल्या धंद्याला लावून बघा. उत्तरे गटाच्या वहीत लिहा, मग त्यावर बोलू.