पन्नास टक्के कशाचे कापले?

घराचं किंवा जमिनीचं मूल्यांकन हातात आलं की आपण आधी शेवटचा आकडा बघतो. आज जरा उलट करा. कपात किती झाली आणि कशापोटी झाली, ते आधी बघा. भेदभाव बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये टिंबर क्रीक नावाचं छोटं गाव आहे. ही भूमी न्गालिवुरू आणि नुंगाली लोकांची. १९८० ते १९९६ या काळात टेरिटरी सरकारने इथले भूखंड वाटले, रस्ते काढले, सार्वजनिक बांधकामं केली. १९९२च्या माबो निकालाने आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला आणि १९९३च्या कायद्याने भरपाईची वाट उघडली. त्याआधी १९७५चा वंशभेदविरोधी कायदा आलेलाच होता. म्हणून त्यानंतर गेलेल्या हक्काचा हिशेब मागता आला.

पण या हक्काची किंमत ठरवायची कशी? तो बाजारात विकता येत नाही. मग फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीच्या जमिनीचा भाव आधार धरला: ६,४०,५०० डॉलर. लोकांचं म्हणणं, पूर्ण भाव द्या. २०१६मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी ८० टक्के दिले. २०१७मध्ये पूर्ण पीठाने ६५ केले. १३ मार्च २०१९ला हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय हेच) ५० केले: ३,२०,२५० डॉलर.

हायकोर्टाची कारणं नीट वाचा. हक्क विकता येत नाही म्हणून तो स्वस्त, हा युक्तिवाद त्यांनी मानला नाही. आदिवासींचा हक्क संपूर्ण ताब्याचा असता, तर तो फ्रीहोल्डच्या तोडीचा धरला असता, हेही सांगितलं. मग निम्मा भाव का? कारण इथला हक्क संपूर्ण नव्हता. इतरांना जमिनीवर येण्यापासून रोखायचा अधिकार या लोकांकडे उरला नव्हता.

तो गेला कुठे? एकोणिसाव्या शतकात सरकारने हीच जमीन गुरचराईच्या पट्ट्याने दिली, तेव्हा तो गेला. म्हणजे पहिल्यांदा जे हिरावलं, त्याची भरपाई नाहीच. उलट तेच दुसऱ्या वेळी कपातीचं कारण झालं. कायद्याच्या भाषेत हा भेदभाव नाही. इतिहासाच्या भाषेत काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

तरीही या लोकांनी एक मोठी गोष्ट मिळवली. डिंगोच्या पवित्र वाटेवर पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या तेव्हा आपलं काय गेलं, हे त्यांनी कोर्टात स्वतः सांगितलं. त्या सांस्कृतिक हानीचे १३ लाख डॉलर हायकोर्टाने कायम ठेवले. जमिनीच्या किमतीच्या चौपट! व्याज धरून एकूण २५,३०,३५० डॉलर.

आपल्याकडे महार वतनाच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ हा शेरा बघा. नजराणा आणि परवानगी यांची अट जमिनीला चिकटली की गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. मातीत काही कमी नसतं. जे कमी आहे ते कागदावर, आणि तो कागद कुणीतरी कधीतरी लिहिलेला असतो.

म्हणून मूल्यांकन हातात आलं की विचारा: ही कपात जमिनीतल्या उणिवेची, की आमच्यावर आधी झालेल्या अन्यायाची? उत्तर लेखी मागा. टिंबर क्रीकच्या लोकांनी तेच केलं.