ऐतिहासिक कादंबरीतील सदोष नायक

ऐतिहासिक कादंबरीतील सदोष नायक : इतिहासातील व्यक्ती अथवा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर कल्पिलेला पुरुष कथानकाच्या केंद्रस्थानी असून, त्याच्या पराक्रमाबरोबर त्याचे नैतिक स्खलन हाही ज्या कादंबरीचा विषय होतो, तिचा नायक. क्रौर्य, विश्वासघात, विषयासक्ती, सत्तालोभ किंवा ऐनवेळी दाखविलेला भित्रेपणा यांपैकी एखादा दोष त्याच्या ठायी असतो. तथापि वाचकाची सहानुभूती तो गमावीत नाही. खलनायकाचा दोष कथेच्या अखेरीस त्याच्याबरोबर नाश पावतो. सदोष नायकाच्या दोषाचा हिशेब मात्र लेखकाला व वाचकाला करावा लागतो. मराठीत असा नायक उशिरा आला. तो आल्यानंतरही त्याचा दोष मान्य करण्यापेक्षा तो खोडून काढण्याकडे लेखकांचा कल अधिक राहिला.

पाश्चात्त्य साहित्यात ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरीचा पाया सर वॉल्टर स्कॉटने वेव्हर्ली (१८१४) या कादंबरीने घातला. तिचा नायक सज्जन, पण दोलायमान वृत्तीचा आहे. उत्कट पापाचे तेज स्कॉटने बहुधा दुय्यम पात्रांना दिले. पुढे थॅकरीने बॅरी लिंडन या कादंबरीत (१८४४) एका भामट्या साहसवीरालाच आपली कथा सांगावयास लावले. भारतीय भाषांत बंकिमचंद्रांच्या सीताराम (१८८७) या बंगाली कादंबरीचा नायक राज्य उभारतो. परंतु स्त्रीविषयक आसक्तीने कर्तव्यभ्रष्ट होऊन तेच राज्य धुळीस मिळवितो.

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांची मोचनगड (१८७१) ही होय. या काळातील कादंबरीला नायकाच्या मनातील सदसतांच्या झगड्याचे आकर्षण नव्हते. मराठी राज्य १८१८ मध्ये लयास गेले होते आणि परतंत्र समाजाला पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण देणे, हे लेखकांना आपले कार्य वाटत होते. साहजिकच दोष शत्रूच्या व फितुरांच्या वाट्यास गेले आणि नायक निष्कलंक राहिला. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या उषःकाल या कादंबरीत विजापूरच्या सेवेतील स्वामिनिष्ठ किल्लेदार पिता आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला पुत्र यांचा विरोध रंगविला आहे. पित्याची अवज्ञा हा त्या काळच्या वाचकाच्या दृष्टीने लहान अपराध नव्हता. तथापि ध्येयाच्या उदात्ततेमुळे तो क्षम्य ठरतो आणि नायकाच्या मनाला त्याचा डाग लागत नाही.

आपट्यांच्याच वज्राघात (१९१५) या कादंबरीत चित्र पालटते. विजयानगरच्या विनाशाची ही कथा आहे. तरुण रामराजा मेहेरजान या मुसलमान युवतीवर अनुरक्त होतो आणि पुढे सत्तेच्या वाटेवर तिचा त्याग करतो. तिचा पुत्र रणमस्तखान विजापूरच्या सेवेत वाढतो व अखेरीस पित्याच्या नाशाला कारणीभूत होतो. इतिहासातील रामरायाने दक्षिणेतील सुलतानांना एकमेकांविरुद्ध झुंजविले, त्यामुळे ते एकत्र आले आणि २३ जानेवारी १५६५ रोजीच्या लढाईत त्याचा शिरच्छेद झाला. आपट्यांनी या राजकीय कारणपरंपरेला एक खाजगी पाप जोडले. ते कल्पित आहे. पण त्यामुळे साम्राज्याचा नाश हा केवळ सैन्यबळाचा प्रश्न न राहता एका टाकून दिलेल्या स्त्रीच्या दुःखाशी निगडित होतो. रामराजाच्या दोषावर लेखकाने पांघरूण घातलेले नाही आणि त्याची शोकान्त थोरवीही हिरावून घेतलेली नाही. या दृष्टीने ही कादंबरी पुढील अनेक कादंबऱ्यांहून धीट ठरते.

यानंतर नाथमाधव, वि. वा. हडप इत्यादींनी मराठेशाहीवर कादंबरीमाला लिहिल्या. त्यांत घटनांची रेलचेल व रोमांचकता यांना प्राधान्य होते. रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीने ऐतिहासिक कादंबरीला पुन्हा व्यक्तिमनाकडे वळविले. मात्र तिचा नायक थोरला माधवराव हा आदर्श पुरुष आहे. त्याच्या वाट्याला व्याधी, कर्तव्याचा भार व अकाली मृत्यू येतात, अपराध येत नाही.

इतिहासाने दोषी ठरविलेल्या पुरुषांना नायकपद देण्याचे कार्य प्रामुख्याने ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांनी केले. झेप (१९६३) ही त्रिंबकजी डेंगळ्यावर, झुंज (१९६६) यशवंतराव होळकरावर आणि मंत्रावेगळा (१९६९) ही दुसऱ्या बाजीरावावर लिहिलेली कादंबरी होय. शहेनशहा या कादंबरीचा नायक तर औरंगजेब आहे. मराठी वाचकाच्या मनात या चौघांविषयी पूर्वग्रह दृढ होते. गायकवाडांच्या वतीने इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्याचा दोष रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजीवर ठेवला आणि पेशव्याला आपला हा कारभारी इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. त्रिंबकजी १८१६ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून निसटला, १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत असतानाच मरण पावला. दुसऱ्या बाजीरावाचे प्रचलित चित्रही पळपुटा व विलासी राज्यकर्ता असेच होते.

इनामदारांच्या भूमिकेला इतिहासाचा आधार होता. या व्यक्तींची चित्रे मुख्यतः विजेत्यांनी रेखाटली होती. एल्फिन्स्टनची कागदपत्रे, माल्कमचे लेखन आणि ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास (१८२६) यांतून ती पाठ्यपुस्तकांत उतरली. ज्याचे राज्य घ्यावयाचे त्याला नालायक ठरविणे जेत्याच्या सोयीचे असते. म्हणून या पुरुषांची बाजू मांडणे हा न्यायाचाच एक प्रकार होता.

परंतु सर्व आरोप परकीयांनी निर्माण केलेले नाहीत. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्यातील धनिकांकडून छळ करून पैसा उकळला, तो बाजीरावाच्या संमतीने. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. या कृत्याचा सूड म्हणून यशवंतरावाने स्वारी केली, हडपसरच्या लढाईत (२५ ऑक्टोबर १८०२) पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि त्यानंतर पुणेकरांना पुन्हा लुटीस तोंड द्यावे लागले. बाजीरावाने वसईचा तह करून (३१ डिसेंबर १८०२) इंग्रजांचा आश्रय पत्करला. इंग्रजांशी झुंजणारा यशवंतराव आणि प्रजेला नागविणारा यशवंतराव या दोन व्यक्ती नव्हेत. कादंबरीत पहिला उजळून निघतो, तेव्हा दुसरा बराचसा छायेत जातो.

राऊ (१९७२) या कादंबरीत दोषाचे स्वरूप निराळे आहे. पहिल्या बाजीरावाचे मस्तानीशी असलेले संबंध पुण्यातील ब्रह्मवृंदाला व पेशव्यांच्या कुटुंबाला अधर्म्य वाटले. आधुनिक वाचकाला अन्याय दिसतो तो मस्तानीच्या बंदिवासात. काळानुसार दोषाची व्याख्याच बदलते, हे या कथेवरून ध्यानात येते. मस्तानीचा पुत्र समशेरबहाद्दर पेशव्यांच्या बाजूने लढून पानिपतच्या युद्धानंतर १७६१ मध्ये जखमांनी मरण पावला. असे असले, तरी काशीबाईच्या मनाची व्यथा हा प्रश्न नव्या नीतिकल्पनांनीही सुटत नाही.

छत्रपती संभाजींच्या चित्रणातील परिवर्तन अधिक मूलगामी आहे. राम गणेश गडकरी यांच्या राजसंन्यास या अपूर्ण नाटकात ते व्यसनाधीन राजा म्हणून येतात. या प्रतिमेमागे मल्हार रामराव चिटणीसाची बखर होती. ती संभाजींच्या मृत्यूनंतर शंभरांहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजींनी देहान्त शिक्षा दिली होती. वा. सी. बेंद्रे (१९६०) व कमल गोखले (१९७१) यांच्या संशोधनाने बखरीतील आरोप पारखून घेतले आणि शिवाजी सावंतांच्या छावा (१९७९) या कादंबरीने नवे चित्र घरोघर पोहोचविले. येथे दोषाचे निरसन पुराव्यावर उभे आहे. मात्र डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाच्या छावणीत जाणे ही घटना निर्विवाद आहे आणि तिचे मर्म उलगडणे हीच या चरित्रावरील कोणत्याही कादंबरीची कसोटी ठरते. विश्वास पाटील यांच्या पानिपत (१९८८) या कादंबरीतही बखरीने हट्टी व गर्विष्ठ ठरविलेल्या सदाशिवरावभाऊंची बाजू मांडलेली आहे.

या वाटचालीत तीन अवस्था दिसतात. प्रथम नायक दोषमुक्त होता. नंतर आपट्यांनी त्याला दोष दिला. त्यानंतरच्या पिढीने दोषी ठरलेल्यांना निवडून त्यांचे वकीलपत्र घेतले. वकिली यशस्वी होते तेव्हा नायक पुन्हा निष्कलंक होतो व मोचनगडच्या काळाशी वर्तुळ जुळते. या पद्धतीने इतिहासातील एकांगी निवाडे तपासले गेले, हा तिचा लाभ. तिचे मोल मात्र बहुधा दुसऱ्यांना द्यावे लागते. पंढरपुरात मारला गेलेला शास्त्री, हत्तीच्या पायी गेलेला विठोजी व पुण्यातील नागविलेली कुटुंबे यांची वेदना नायकाच्या समर्थनात गौण ठरते. नायकावरील खोटा आरोप दूर करणे आणि त्याच्या खऱ्या अपराधाचे बळी विसरणे, यांत अंतर आहे. मेहेरजानेला कथेत स्थान देऊनही रामराजाविषयीची करुणा ढळू न देणारी वज्राघात ही कादंबरी हे अंतर राखते. दोष आणि थोरवी एकाच पुरुषात, एकाच वेळी, कोणतीही सारवासारव न करता दाखविता येतात, याचे मराठीतील ते जुने व लक्षणीय उदाहरण होय.