कौल, दस्तक आणि नोंदणी : साष्टीच्या किनाऱ्यावरील नौकापत्रांचा शब्देतिहास

बोरीवलीच्या पश्चिमेस एकसर येथे वीरगळांची एक रांग उभी आहे. त्यांतील काही शिळांवर वल्ह्यांनी चालणाऱ्या नौकांचे तांडे कोरलेले असून, समुद्रावरील एखाद्या मोठ्या संग्रामाची ती स्मृती असावी, असे अभ्यासक मानतात. या शिळांचा काळ साधारणपणे अकरावे ते तेरावे शतक यांच्या दरम्यानचा समजला जातो. शिल्पकाराने वल्ही मोजून दाखविली आहेत, योद्धे दाखविले आहेत, वर स्वर्गस्थ वीरही दाखविला आहे; परंतु नौका कोणाच्या हे ओळखता येईल अशी एकही खूण त्या नौकांवर नाही. तेथून थोड्याच अंतरावर गोराईच्या खाडीचा धक्का आहे. तेथे लागलेल्या प्रत्येक मचव्याच्या नाळेवर आज एक क्रमांक रंगविलेला आढळतो. नौकेला देवतेचे, संताचे किंवा आईचे नाव असते आणि ते मालकाने हौसेने घातलेले असते. क्रमांक मात्र सरकारने दिलेला असतो.

हा क्रमांक या किनाऱ्यावर केव्हा आला, त्यापूर्वी नौकेला कोणते पत्र जवळ बाळगावे लागे आणि त्या पत्रांना आपल्या भाषेत कोणती नावे होती, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. हा विषय कायद्याच्या इतिहासाचा आहे, तितकाच तो शब्दांच्या इतिहासाचाही आहे. किंबहुना, कायद्याच्या कलमांतून जे चटकन नजरेस येत नाही ते शब्दांच्या मूळ अर्थांतून अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम पोर्तुगीजांच्या पत्राचा विचार करू. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाचे पत्र घेण्याची सक्ती केली. 1534 च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट त्यांच्या हाती गेले व 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत दोन शतके आपला हा किनारा त्याच पद्धतीखाली राहिला. कार्ताझात जहाजाचे व तांडेलाचे नाव, जहाजाचा बोजा, त्यावरील शस्त्रे, निघण्याचे व जाण्याचे बंदर यांचा उल्लेख असे. मिरीसारखा राखीव माल नेण्यास मनाई असे. पत्राची फी फार नव्हती; खरा भार निराळाच होता. पत्र घेणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांच्या बंदरात येऊन जकात भरावी लागे, आणि पत्र नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे.

‘कार्ताझ’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज नव्हे. अरबी ‘किर्तास’ म्हणजे कागद. त्याच्याही मागे ग्रीक ‘खार्तेस’ आहे. ज्या अरबांच्या हातून समुद्रावरील व्यापार हिरावून घ्यावयाचा होता त्यांच्याच भाषेतील शब्द पोर्तुगीजांच्या परवान्यास लाभला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या शब्दात आश्वासनाचा अर्थ मुळीच नाही. तो केवळ कागद आहे. आजच्या पोर्तुगीज भाषेत तर ‘कार्ताझ’ म्हणजे भिंतीवर लावावयाचे जाहिरातपत्रक.

तथापि त्या कागदात आश्वासन गृहीत होतेच. ते मोडले तर काय होते हे 1613 मध्ये दिसून आले. बादशहा जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ नावाचे जहाज पोर्तुगीजांनी पकडून नेले. जहाजावर कार्ताझ होता. तरीही ते पकडले गेले. यावरून मोगल दरबार इतका क्षुब्ध झाला की, दमणला वेढा पडला आणि मोगल मुलखातील पोर्तुगीजांवर निर्बंध आले. येथे अपराध जहाजाच्या मालकिणीचा नव्हता; तो पत्र देणाऱ्याचा होता, आणि त्याची झळही पत्र देणाऱ्यालाच लागली.

मराठ्यांच्या कारभारातील शब्द ‘कौल’ हा होय. अरबी ‘कौल’ म्हणजे बोलणे, उच्चारलेला शब्द. मराठीत आल्यावर त्याला अभयवचनाचा अर्थ आला. उजाड गावी पुन्हा वस्ती करण्यासाठी रयतेला कौल दिला जाई; शरण येणाऱ्या किल्लेदाराला कौल दिला जाई; आणि समुद्रावरून व्यापार करणाऱ्या सावकारालाही कौल दिला जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकारांस समुद्रात उपद्रव न होता त्यांची येजा चालू राहावी, ही आरमाराची जबाबदारी होय, असा त्यातील आशय आहे. म्हणजे कौल देणारा केवळ ‘जा’ असे म्हणत नाही. ‘जा, आम्ही पाठीशी आहो’ असे म्हणतो.

कोकणात हाच शब्द देवळातही वापरतात. देवाच्या अंगावर फुले किंवा पाकळ्या लावून कौल मागतात; कोणती पाकळी पडते त्यावरून देवाचे उत्तर ठरते. आधुनिक काळात निवडणुकीनंतर ‘जनतेचा कौल’ असा प्रयोग रूढ झाला. या सर्व उपयोगांत एक धागा समान आहे. कौल मागणारा एक आणि देणारा दुसरा असतो. देणारा थोर असला तरी एकदा दिलेला कौल त्यालाही बांधतो.

तिसरा शब्द ‘दस्तक’. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात. त्यावरून दस्तक, आणि त्याच कुळातील दस्तऐवज. अठराव्या शतकाच्या पहिल्या पादात सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला. मुंबईकर इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. परंतु इंग्रज कंपनी स्वतःही हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना आपले पास आणि आपले निशाण देत होती, ही गोष्ट विसरता येत नाही. मतभेद पत्राच्या तत्त्वावर नव्हता. पत्र कोणी द्यावयाचे, यावर होता.

1713 मध्ये कान्होजी आणि इंग्रज यांच्यात करार झाला. इंग्रजांच्या जहाजांना कान्होजींनी त्रास देऊ नये, असे ठरले. परंतु लवकरच प्रश्न उभा राहिला की, इंग्रजांचे जहाज कोणते म्हणावयाचे? जहाज इंग्रजांचे, पण माल हिंदी सावकाराचा असेल तर? जहाज हिंदी व्यापाऱ्याचे, पण निशाण इंग्रजांचे असेल तर? 1718 पर्यंत हा वाद उघड शत्रुत्वापर्यंत जाऊन पोहोचला. नौका कोणाची हे मालकीवरून, मालावरून, निशाणावरून की पत्रावरून ठरवावयाचे, हा आजच्या जहाजनोंदणीच्या कायद्यातील मध्यवर्ती प्रश्न. तो आपल्याच किनाऱ्यावर तोफांच्या साक्षीने असा उपस्थित झाला होता.

या तीनही पत्रांच्या मागे एक समान परिस्थिती होती. समुद्रावर सत्ता एक नव्हती. पोर्तुगीज, इंग्रज, आंग्रे, पेशवे आणि जंजिऱ्याचा सिद्दी अशा अनेक सत्ता जवळजवळ वावरत होत्या. त्यामुळे सावकाराला कोणाचा आश्रय घ्यावयाचा हे काही अंशी निवडता येई, आणि आश्रय देणाऱ्यालाही आपला शब्द राखण्याची गरज वाटे. ज्याचे दस्तक निरुपयोगी ठरे त्याच्या बंदरात जहाजे का यावीत? पत्राला किंमत येई ती देणाऱ्याच्या पतीमुळे.

ही परिस्थिती हळूहळू नाहीशी झाली. 1756 मध्ये विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे सामर्थ्य संपले. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली व 1782 च्या सालबाईच्या तहाने तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. 1818 मध्ये पेशवाईचा शेवट झाला. आता या किनाऱ्यावर आश्रय देणारा एकच उरला. जेथे आश्रयदाता एकच असतो तेथे आश्रयाचे पत्र मागण्याचे कारण राहत नाही. तेथे गरज उरते ती मोजदादीची.

1838 चा एकोणिसावा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यातील रहिवाशांच्या, किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या नौकांना तो लागू होता. आणि विशेष म्हणजे मासेमारीच्या नौका व बंदरातील लहान होड्याही त्यात समाविष्ट होत्या. नौका ज्या ठिकाणची असेल त्या ठिकाणाचे नाव आणि नोंदणी अधिकाऱ्याने दिलेला क्रमांक नौकेवर उमटविणे आवश्यक ठरले. यापूर्वीची पत्रे प्रामुख्याने सफरीसाठी आणि व्यापारी जहाजांसाठी होती. आता कोळ्याच्या होडीलाही, ती कोठेही दूर जाणार नसताना, क्रमांक आला. पत्र तांडेलाच्या पेटीत असे. क्रमांक लाकडावर चढला.

ठिकाणाचे नाव नौकेवर घालण्याची कल्पना मात्र आपल्या लोकांना परकी वाटली नसावी. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून माणसाची ओळख सांगणारा हा मुलूख आहे. नौकेलाही गाव मिळाले एवढेच. उलट, ज्या शब्दांनी समुद्रावरील माणसे एकमेकांना ओळखत ते शब्द नोंदवहीच्या नमुन्यात मागे पडले. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नौकेचा धनी; ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’. तांडेल आणि सारंग ही आज किनाऱ्यावर आडनावे म्हणूनही नांदतात. नोंदवहीत मात्र ‘मालक’ आणि ‘चालक’ एवढेच रकाने पुरेसे होतात.

पुढील कायद्यांचा क्रम थोडक्यात सांगता येईल. ब्रिटिश निशाणाखाली चालणाऱ्या जहाजांच्या हिंदुस्थानातील नोंदणीसाठी 1841 मध्ये कायदा झाला. 1868 मध्ये मुंबई सरकारने तरी आणि अंतर्गत जलमार्गावरील नौका यांच्यासाठी कायदा केला; गोराई किंवा मनोरीच्या खाडीवरील तरीसारख्या वाहतुकीचा विचार करताना तो लक्षात घ्यावा लागतो. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये व्यापारी नौवहनाचा सर्वसमावेशक कायदा झाला. त्यात शिडाच्या नौकांसाठी वेगळा भाग होता, आणि केवळ किनाऱ्यालगत चालणाऱ्या, निव्वळ पंधरा टनांपर्यंतच्या जहाजांना जहाजनोंदणीच्या सक्तीतून वगळले होते. मासेमारी नौकांच्या नोंदणीचा स्वतंत्र भाग 1983 च्या दुरुस्तीने आला. त्याआधी 1981 मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारीचे नियमन करणारा आपला कायदा केला होता. मासेमारीचा परवाना त्याखाली येतो. 1996 च्या कायद्याने लहान बंदरांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. अंतर्गत जलमार्गावरील नौकांसाठी 2021 मध्ये, तर व्यापारी नौवहनासाठी 2025 मध्ये संसदेने नवे कायदे संमत केले.

नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ल्याने या क्रमाला निराळे वळण दिले. हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची एक भारतीय मासेमारी नौका बळकावून मुंबईच्या समुद्रात आले होते. त्यानंतर मासेमारी नौकांची देशभर एकाच पद्धतीने नोंदणी, राज्यवार ठरावीक रंग, खलाशांची ओळखपत्रे आणि संगणकीय नोंदवही ही व्यवस्था आली. या घटनेतील विरोधाभास दृष्टीआड करता येत नाही. ‘कुबेर’ ही नौका परकी नव्हती. तिची ओळख खरी होती, आतील माणसे खोटी होती. नौकेची नोंद कितीही चोख असली तरी नौकेवर कोण आहे याचे उत्तर त्या नोंदीतून मिळत नाही, हे तेव्हा कळले; आणि म्हणूनच नौकेबरोबर माणसाचीही नोंद सुरू झाली.

आता शब्दांकडे पुन्हा वळू. मराठीत कौल देतात, कौल घेतात आणि कौल पाळतात. नोंदणी मात्र करतात, नूतनीकृत करतात किंवा रद्द करतात. ‘नोंदणी पाळणे’ असा प्रयोग नाही. सरकारने नोंदणीचा शब्द मोडला, असेही कोणी म्हणत नाही, कारण नोंदणीत दिलेला शब्दच नसतो. कौलाने देणारा आणि घेणारा दोघेही बांधले जात. क्रमांकाने, निदान भाषेच्या पातळीवर, एकच बांधला जातो.

याचा अर्थ पूर्वीची व्यवस्था चांगली होती असा नव्हे. कार्ताझ ही दंडेलीच होती, आणि दस्तक न घेणाऱ्या व्यापाऱ्याची काय अवस्था होई ते सर्वविदित आहे. नोंदणीमुळे मालकी सिद्ध होते, कर्ज मिळते, डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, आणि आपत्तीनंतर नुकसानभरपाई मागता येते. नोंद नसलेल्या होडीचा मालक वादळानंतर कोणत्याच यादीत सापडत नाही. हे लाभ थोडे नाहीत.

परंतु एक प्रसंग असा आहे की, जेथे जुना प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. पालघर जिल्ह्यातील पुष्कळ खलाशी गुजरातच्या नौकांवर काम करतात. मासळीच्या मागे जाताना सागरी सीमेचे भान सुटले की, नौका पाकिस्तानच्या ताब्यात जाते. नौकेवरचा क्रमांक तेव्हा एवढेच सांगतो की, ही नौका भारताची आहे. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारीस व 1 जुलैस परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे काय, हे घरची मंडळी विचारीत असतात. यादीत नाव असणे ही नोंद झाली. ते नाव परत आणण्यासाठी राज्याने खटपट करणे हा कौल होय. मासेमारास त्या वेळी हवा असतो तो दुसरा.

तेव्हा नौकापत्रांचा इतिहास हा मनमानीकडून शिस्तीकडे झालेला सरळ प्रवास आहे, असे म्हणून चालणार नाही. त्या प्रवासात ओळख पक्की होत गेली, तसे आश्वासन अध्याहृत होत गेले. ते नाहीसे झाले असे नाही; पण पत्रावर लिहिलेले राहिले नाही, आणि जे लिहिलेले नसते त्याची आठवण करून द्यावी लागते. नव्या कायद्यांचे नियम मराठीत उतरविताना केवळ ‘नोंदणीधारकाची कर्तव्ये’ या शीर्षकाचा अनुवाद करून न थांबता, नोंदणी करणाऱ्या राज्याची कर्तव्येही तितक्याच ठळक शब्दांत मांडली जावीत, इतके सुचवून हे टिपण पुरे करतो.