मुंबई उपनगरांतील स्मार्ट वीज मीटर

स्मार्ट मीटर हे अंगभूत बिनतारी मोडेम असलेले वीजमापक यंत्र होय. वीजवापराच्या नोंदी ते ठरावीक काळाने वितरण कंपनीच्या संगणक प्रणालीकडे पाठवते. भारतात त्यासाठी आयएस १६४४४ हे मानक लागू आहे. अंधेरी, बोरिवली परिसरात अदानी इलेक्ट्रिसिटी (२०१८ पूर्वी रिलायन्स), तर मुलुंड व भांडुप येथे महावितरण वीजपुरवठा करते.

चाचणी व जोडणी

मोडेम मोबाइल जाळ्यावर अथवा कमी पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर चालतो. उपनगरांतील इमारतींचे मीटर बहुधा तळमजल्यावरील बंदिस्त मीटर रूममध्ये असतात. काँक्रीट व लोखंडी पेट्यांमुळे लहरी क्षीण होतात. त्यामुळे जोडणीपूर्वी संकेताची तीव्रता तपासणे व जोडणीनंतर मध्यवर्ती प्रणालीशी संपर्क जुळल्याची खात्री करणे आवश्यक ठरते. संपर्क तुटल्यास मापन थांबत नाही. नोंदी मीटरच्या स्मृतीत साठून राहतात. जुन्या मीटरचे अखेरचे वाचन नोंदवलेले असल्यास देयकाच्या वादात ते आधार ठरते.

विरोध

प्रीपेड पद्धतीस राज्यभर विरोध झाल्यावर, सामान्य ग्राहकांना असे मीटर लावले जाणार नाहीत, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२४ मध्ये केली.