मधुराद्वैताची कुळकथा

देवाशी प्रेमाचे नाते जोडावे आणि त्या नात्यातच मोकळे व्हावे, या विचाराला वऱ्हाडात मिळालेले नाव म्हणजे मधुराद्वैत. ते रूढ केले गुलाबराव महाराजांनी. मूळ मात्र भागवतातले.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नवविधा भक्ती सांगतो. दहाव्यात गोकुळच्या कुमारी हेमंताच्या पहिल्या महिन्यात पहाटे यमुनेत नाहतात, काठच्या वाळूची कात्यायनी करून पूजतात आणि कृष्णच नवरा मिळावा, असे मागणे घालतात. सोळाव्या शतकात चैतन्य-संप्रदायाच्या रूप गोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधु’त शांत, दास्य, सख्य, वात्सल्य, मधुर अशी नात्यांची चढती भाजणी लावली.

मराठी संतांचा ओढा वात्सल्याकडे. विठोबा इथे आई झाला. मधुरभाव विराण्या-गौळणींत आला, रचनेपुरता.

गुलाबरावांनी तो अंगावर वागवला. त्यांचा जन्म १८८१चा. गाव अमरावती जिल्ह्यातले माधान, घराणे मोहोडांचे, शेतकरी. तान्हेपणीच दृष्टी गेली. १९०१मध्ये ज्ञानेश्वरांनी आपल्या नावाचा मंत्र दिला, ही संप्रदायाची श्रद्धा. म्हणून ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. १९०५मध्ये त्यांनी तेच कात्यायनीव्रत केले. तेव्हापासून कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र; आणि हा बायको-संसार असलेला गृहस्थ! रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर त्याच जिल्ह्यात, त्यामुळे त्या मुलखाचा कृष्ण तसा जावईच. तरी पुरुषाने कृष्णाची पत्नी होणे कोणत्याही गावाला सहज पचणारे नव्हते.

खरी अडचण तत्त्वाची होती. अद्वैत म्हणते तसे सगळे एकच असेल, तर प्रेम कोणी कोणावर करायचे? ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वरांनी ऐक्यातही भक्ती उरते, असे आधीच मांडले होते. गुलाबरावांनी तोच धागा कृष्णापर्यंत नेला. ज्ञानाने अज्ञान जाते, प्रेम जात नाही. उलट ‘मी’पणाची आणि मागण्याची अडगळ निघाल्यावरच ते निखळ होते, मुक्तीसाठी नाते तोडावे लागत नाही. म्हणजे या मताचे माहेर आळंदीचे आणि सासर गोकुळचे. नुसते चैतन्य-संप्रदायाचे अनुकरण म्हणून त्याची बोळवण करणे त्यामुळे बरोबर नाही.

१९१५च्या सप्टेंबरात, चौतिसाव्या वर्षी, पुण्यात महाराजांचे निधन झाले. मागे मोठी ग्रंथसंपदा उरली. त्यांच्यामागे संप्रदाय बाबाजी महाराज पंडितांनी चालवला.