यल्लम्माची लाल-पांढरी माळ

आज आपण यल्लम्माविषयी बोलू.

बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर तिचं ठाणं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथं जातात. यल्लम्मा म्हणजेच रेणुका, जमदग्नींची पत्नी, परशुरामाची आई. ती रोज ओल्या वाळूचा घडा करायची, नागाची चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणायची. एक दिवस नदीत जलक्रीडा करणारा गंधर्व पाहून तिचं मन क्षणभर चळलं, म्हणून घडा जमेना. नवऱ्यानं मुलाकरवी तिचं शिर उडवलं. मग मुलानंच वर मागून तिला जिवंत केलं. एका क्षणाच्या चुकीची एवढी शिक्षा! म्हणूनच दुखावलेल्या बाईला ती आपली वाटते.

तिच्या खुणा आपण ओळखतो. भंडारा, लिंबाचा पाला, परडी, चौंडकं, डोक्यावरचा जग. आणि गळ्यातली लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. आपल्याकडे तिला 'दर्शन' म्हणतात, कानडीत 'मुत्तू', म्हणजे मोती.

ही माळ बांधली की मुलगी देवीची झाली, असं मानत. मणी मंगळसूत्राच्या जागी आले. तिला लग्न करता येत नसे, जोगवा मागावा लागे, आणि गावातले पुरुष तिच्यावर हक्क सांगत. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जोगतिणी बांगड्या फोडतात, अहेव पुनवेला पुन्हा भरतात. देवीचं वैधव्य त्या आपल्या हातावर सोसतात.

माळ पडे ती बहुतेक गरीब, दलित घरातल्या मुलींच्या गळ्यात. केसात जट आली की 'देवीचं बोलावणं' म्हणायचे. खरं तर न विंचरलेले केस गुंततात, त्याचीच जट होते.

1934 साली मुंबई प्रांतात मुलगी देवाला सोडण्यावर कायद्यानं बंदी आली आणि देवदासीचं लग्न कायदेशीर ठरलं. कर्नाटकानं 1982 मध्ये आणि महाराष्ट्रानं 2005 मध्ये नवे कायदे केले. गडहिंग्लज, निपाणी भागातल्या देवदासी स्वतः मोर्चे काढून पेन्शन आणि मुलांचं शिक्षण मागू लागल्या.

आम्ही भक्तीच्या आड येत नाही. भंडारा लावा, उदो म्हणा. पण कुठं लहान मुलीच्या गळ्यात हे मणी बांधायचं घाटत असेल, तर गप्प बसू नका. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तो फिरवा. ज्या आईनं स्वतः अन्याय सोसला, ती दुसऱ्या लेकीवरचा अन्याय कशाला मागेल?