हस्तिदंती मनगट

माझे उजवे मनगट आता वाकत नाही. संधिवाताने खाल्लेला तो सांधा काढून त्या जागी धातू-प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसविला होता. चार वर्षांत तो हाडातून सैल झाला, आणि अखेर तोही काढून मनगट कायमचे जखडावे लागले. "आता सांधा सांधून टाकू," असे शस्त्रवैद्य सहज बोलून गेले. वीस वर्षे मराठी शिकविलेल्या माझ्या कानाला ते खटकले. सांधा म्हणजे हलण्याची जागा, आणि सांधणे म्हणजे ते हलणेच बंद करणे!

मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर, वैद्यकात मला गती नाही. पण अंथरुणावर पडल्या पडल्या वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या दोन शस्त्रक्रियांत थोरली बहीण जखडण्याचीच. १८७८ साली व्हिएन्नाच्या एदुआर्द आल्बर्टने ती प्रथम केली, लुळ्या पायांसाठी. सांध्यातील कूर्चा खरवडून हाडाला हाड भिडविले की मोडलेल्या हाडासारखी ती जुळून येतात आणि पाय खांबासारखा आधार देतो. हा आल्बर्ट चेक कविता जर्मनमध्ये आणणारा रसिकही होता. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली, हे कबूल करतो.

बारा वर्षांनी बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने अगदी उलट स्वप्न पाहिले. १८९० च्या मे महिन्यात त्याने हस्तिदंताचा गुडघा बसविला आणि काही आठवड्यांतच हस्तिदंताचे मनगट! ते पक्के करण्यासाठी राळ, ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड आणि प्लास्टर यांचे मिश्रण त्याने योजले. पहिले काही दिवस सांधे हललेही. पण रोगी होते क्षयाने सांधा सडलेले. आतला पू हस्तिदंताला जुमानीना. जखमा वाहू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टात बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. ग्लुकचे गुरू फोन बर्गमान यांनी त्याला तेथे हे काम मांडू दिले नाही. त्याच परिषदेत रॉबर्ट कॉखने क्षयावरील उपाय सापडल्याची घोषणा केली, आणि तो उपायही पुढे फोल ठरला. ग्लुक १९४२ साली वारला. क्षयाला हटविणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. गुरूचा मला राग येतो. पण वाहत्या जखमा पाहणाऱ्याने दुसरे काय करावे, हेही मनात येतेच.

१९६७ मध्ये अमेरिकेत स्वान्सनने सिलिकोनचे मनगट केले. पुढे धातूची आली. मनगटात आठ चिमुकली हाडे, त्यांवर रोजचा भार, आणि कृत्रिम सांध्याचा खुंट रोवायला हाताची हाडे बारीक. सिलिकोन फाटे, त्याचे कण हाड पोखरीत. धातूचे खुंट सैल होत. मग पुन्हा आल्बर्टचे दार! फरक एवढाच की आल्बर्टपाशी भिडवायला हाड होते. माझ्या मनगटात जुना सांधा उपसल्यावर उरली पोकळी. ती कमरेच्या हाडाच्या तुकड्यांनी भरली आणि वरून पुढच्या हातापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत पट्टी ठोकली. हाड धरायला काही महिने लागले.

दुखणे मात्र गेले. बोटे चालतात. तळहात उताणा-पालथा होतो, कारण ती हालचाल पुढच्या हातातील दोन हाडांची. तीर्थ घेता येते. कपडे पिळता येत नाहीत, जमिनीवर तळवा टेकून उठता येत नाही. फळ्यावर मी आता खांद्यातून लिहितो. अक्षर ढोबळ झाले, पण शिरोरेघ पूर्वीपेक्षा सरळ येते. पंचाईत होते ती पंगतीत. घास तोंडाशी न्यायला कोपर उंच उचलावे लागते, म्हणून मी हल्ली पंगतीच्या उजव्या टोकाचे पान धरतो.